मस्करी कोणाची करतोय आपण?

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एका गाण्याची लिंक टाकली. ग्रुप गाझासाठी सुरू झालेला. रोज तिथे बातम्या येतात, दुआ येतात, बहिष्काराच्या याद्या येतात, कलिंगडाची चित्रं येतात. मी टाकलेलं गाणंही एका पॅलेस्टिनी गायकाचंच होतं. पहिल्या दहा मिनिटांत चार जणांनी लाल बदाम टाकले. मग कुणीतरी गायकाचं नाव शोधलं असणार, कारण एकेक करून बदाम निघून गेले. शेवटी ॲडमिनचा मेसेज आला, ‘भाई, ये अपना नहीं है. डिलीट कर दो.’

त्याच आठवड्यात हिंजवडीत ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक सहकारी भेटला. त्याने तेच गाणं माझ्या स्टेटसला पाहिलं होतं. हसत म्हणाला, ‘तुम्ही पॅलेस्टाईन, पॅलेस्टाईन करता. पण असला माणूस तिकडे एक दिवस तरी जिवंत राहील का रे?’

एक आपला आणि एक आपल्याला टोमणा मारणारा. एकमेकांचं तोंड न पाहणारे हे दोघे एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत, की असा माणूस असू शकत नाही. एकाच्या मते तो पॅलेस्टिनी असेल तर समलिंगी असू नये. दुसऱ्याच्या मते तो समलिंगी असेल तर पॅलेस्टिनी म्हणून त्याची बाजू घेण्यात अर्थ नाही. मधल्यामध्ये तो माणूस मात्र गाणी करतोय आणि स्वतःच्या नावाने प्रसिद्ध करतोय.

त्याचं नाव बशार मुराद. जन्म १९९३ चा, पूर्व जेरुसलेमचा. वडील सईद मुराद यांनी १९८० मध्ये ‘साबरीन’ हा गट सुरू केला. महमूद दरवीश यांच्या कविता पॅलेस्टिनी घराघरांत गाण्यांच्या रूपाने पोहोचल्या, त्यात या गटाचा मोठा वाटा आहे. म्हणजे ज्याला ‘आपला नाही’ म्हटलं गेलं, तो पोरगा प्रतिकाराच्या गाण्यांच्या तालमी ऐकत वाढला आहे. त्याने स्वतः वाट निवडली ती इलेक्ट्रॉनिक पॉपची. सिंथेसायझर, मशीनचा ठेका, आणि वर अरबी बोल. २०१८ मध्ये त्याने ‘सगळेच लग्न करताहेत’ अशा अर्थाचं गाणं काढलं. आपल्याकडच्या प्रत्येक वलीम्यात ‘आता तुझा नंबर’ ऐकून कंटाळलेल्या पोरापोरींना त्या गाण्याचा विषय समजावून सांगावा लागणार नाही.

२०१९ मध्ये युरोव्हिजन ही गाण्यांची स्पर्धा तेल अवीवला झाली. आइसलँडच्या ‘हतारी’ या गटाने निकालाच्या वेळी कॅमेऱ्यासमोर पॅलेस्टाईनच्या झेंड्याच्या पट्ट्या धरल्या. त्याबद्दल आइसलँडच्या सार्वजनिक वाहिनीला, आर.यू.व्ही.ला, ५,००० युरोंचा दंड झाला. याच गटाने स्पर्धेनंतर लगेचच बशारबरोबर एक गाणं काढलं. नावाचा एक शब्द आइसलँडिक, ‘क्लेफी’ म्हणजे कोठडी. दुसरा अरबी, ‘सामेद’ म्हणजे पाय रोवून उभा राहणारा. ‘सुमूद’ हा शब्द आज आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे. सामेद त्याच धातूतून आला आहे.

२०२१ मध्ये त्याने ‘मस्खरा’ नावाने काही गाण्यांचा संच काढला. अरबीत मस्खरा म्हणजे थट्टा. आपली ‘मस्करी’ याच शब्दाची नात आहे. २०२४ मध्ये तो आइसलँडच्या राष्ट्रीय निवडस्पर्धेत उतरला. त्याच्याबरोबर गाणं लिहिलं होतं हतारीच्याच एका वादकाने. उपांत्य फेरीत ते आइसलँडिक भाषेत गायलं, अंतिम फेरीत इंग्रजीत. तो दुसरा आला. मतदानाच्या ॲपबद्दल तक्रारी आल्या आणि निकालावर परिणाम झाला नसल्याचं वाहिनीने सांगितलं. आठवून पाहा, तो मार्च २०२४ होता. गाझावर बॉम्ब पडत होते आणि उत्तर ध्रुवाजवळच्या एका देशात हजारो लोक एका पॅलेस्टिनी माणसाला मत देत होते. आपल्या ग्रुपवर त्या दिवशी याचा एक ओळीचाही मेसेज नव्हता. कलिंगडं मात्र होती.

आता ती गोष्ट, जी सांगायला आपल्याला अवघड जाते. जून २०२२ मध्ये रामल्लाहच्या एका सांस्कृतिक केंद्रात बशारचा कार्यक्रम ठरला होता. तरुणांचा एक जमाव तिथे घुसला, धमक्या दिल्या आणि कार्यक्रम रद्द झाला. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये पॅलेस्टिनी पोलिसांनी समलिंगींसाठी काम करणाऱ्या ‘अल-कौस’ या संस्थेच्या उपक्रमांवर बंदी जाहीर केली होती. टीका झाल्यावर ती मागे घेतली. इजिप्तमध्ये सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मशरू लैला’ या लेबनानी गटाच्या कैरोतल्या मैफलीत सारा हेगाझी या तरुणीने इंद्रधनुषी झेंडा फडकवला. तिला अटक झाली, तुरुंगात तिचा छळ झाला. २०२० मध्ये कॅनडात, घरापासून हजारो मैल दूर, तिने जीव दिला. हे इस्रायलने केलेलं नाही, अमेरिकेनेही नाही. हे आपण म्हणवणाऱ्यांनी केलं. कॅन्टीनमधल्या त्या सहकाऱ्याच्या प्रश्नाने मला राग आला खरा, पण त्याच्या हातात दगड कुणी दिला याचा हिशेबही मांडायला हवा.

त्याला उत्तर नाही असं मात्र नाही. त्याचा युक्तिवाद असा, की तुमच्यात समलिंगींना त्रास होतो, म्हणून तुमच्यावर पडणाऱ्या बॉम्बबद्दल बोलू नका. पण बॉम्ब पडताना खाली कोण आहे हे विचारत नाही. भिंत आणि चेकपोस्ट बशारसाठी वेगळा दरवाजा उघडत नाहीत. आणि ज्या देशाचं गुणगान चालतं, तिथेही समलिंगी जोडप्यांना देशात लग्न लावता येत नाही. नागरी विवाहाचीच सोय नाही. आपल्या देशातही २०१८ पर्यंत समलिंगी संबंध हा गुन्हा होता. तोपर्यंत भारतावर कुणी बॉम्ब टाकले असते तर ते न्याय्य ठरले असते का?

पण सहकाऱ्याशी वाद घालणं मला सोपं जातं. तुमच्याशी, माझ्या माणसांशी, बोलणं अवघड. म्हणून हा लेख तुमच्यासाठी आहे. ग्रुपवर आणि नंतर फोनवर मला जे चार आक्षेप ऐकवले गेले, ते एकेक करून घेतो.

पहिला, ‘हे पाश्चात्त्यांचं खूळ आहे.’ मग इतिहास बघू. उस्मानी सल्तनतीची १८५८ ची दंडसंहिता उघडली तर तिच्यात समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, इंग्रजांनी भारतात दंडसंहिता आणली. तिच्यात कलम ३७७ होतं. पॅलेस्टाईन इंग्रजांच्या ताब्यात गेलं तेव्हा त्यांनी १९३६ मध्ये तिथेही तसाच कायदा लागू केला. गाझात तो इंग्रजी कायदाच पुढे चालू राहिला. वेस्ट बँकमध्ये जॉर्डनच्या १९५१ च्या कायद्याने तो गुन्हा राहिला नाही. म्हणजे आयात झालं ते काय? प्रेम की तुरुंग?

आणि इतकं लांब कशाला जायचं? औरंगाबादचे सिराज, अठराव्या शतकातले दख्खनी शायर. त्यांची एक गझल कव्वाल आजही गातात, आबिदा परवीन गातात, तुमच्या फोनमध्येही असेल. याच सिराजनी ‘बोस्तान-ए-खयाल’ नावाची मसनवी लिहिली आणि तिच्यात एका तरुणावरच्या स्वतःच्या प्रेमाची कहाणी सांगितली. लाहोरला शाह हुसेन आणि माधो लाल यांच्या कबरी शेजारीशेजारी आहेत, तिथे मेळा भरतो. या माणसांना आजचे शब्द चिकटवावेत असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतो, की ‘आपल्यात असलं कधी नव्हतंच’ हे वाक्य आपल्याच कुतुबखान्याला लावलेलं कुलूप आहे.

याच आक्षेपाची एक पुरवणीही आली, ‘गाणं-बजावणंच मुळात कशाला?’ मी मिरजेचा आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मुस्लिम कारागीर सतार आणि तंबोरे घडवतात, जिथे मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेब विसावले आहेत आणि उरुसात गाणं होतं, त्या गावच्या माणसाला हा प्रश्न विचारू नका.

दुसरा आक्षेप, ‘आत्ता वेळ नाही. इथे बुलडोझर फिरताहेत आणि तुला हे सुचतंय?’ हा आक्षेप मला सगळ्यात जास्त छळतो, कारण त्यातली भीती खरी आहे. पण ही ‘आत्ता नाही’ची पाटी आपण किती जणांना दाखवली ते मोजा. तलाकपीडित बायकांना दाखवली. शिकायचं म्हणणाऱ्या मुलींना दाखवली. जातीचा प्रश्न विचारणाऱ्या पसमांदांना दाखवली. दर वेळी कारण तेच, की बाहेर शत्रू उभा आहे. शत्रू गेला कधीच नाही. मग प्रत्येक वेळी त्या प्रश्नाचा वापर कुणी केला? त्याच शत्रूने. आपण ज्यांना दाराबाहेर उभं केलं, त्यांच्या नावाने दुसऱ्यांनी आपल्यावर खटला भरला.

तिसरा आक्षेप, ‘मजहबमध्ये बसत नाही.’ मी आलिम नाही, फतवा देणार नाही आणि मागणारही नाही. मी फक्त आपला हिशेब मांडतो. माझ्या फ्लॅटवर वीस वर्षांचं कर्ज आहे, व्याजाचं. ग्रुपवर ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. मला काढलं नाही, उलट कुठली बँक बरी म्हणून विचारायला फोन येतात. हुंडा घेतलेले ग्रुपवर आहेत. बहिणीचा हिस्सा दाबून बसलेले आहेत. त्यांना कुणी ‘ये अपना नहीं है’ म्हणत नाही. म्हणजे नियम धर्माचा नाही, घिणेचा आहे. घीण धर्माच्या नावावर खपवू नका, एवढीच विनंती.

चौथा आक्षेप नव्हता, प्रश्न होता. एका धाकट्या पोराने रात्री वेगळा मेसेज करून विचारला, ‘भाईजान, पण आपला काय संबंध?’ त्याला दिलेलं उत्तर इथे लिहितो.

२०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा कडक कायदा आला. बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस घरात ठेवणंसुद्धा गुन्हा झाला. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते एक कलम रद्द केलं. कारण काय दिलं? खाजगीपणाचा हक्क. माणूस आपल्या घरात काय खातो यात सरकारने नाक खुपसू नये. पुढच्या वर्षी, २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्याच निकालात लैंगिक कल हाही खाजगीपणाचा गाभा असल्याचं म्हटलं. त्यावर पाय ठेवून ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी ३७७ चा तो भाग रद्द केला. म्हणजे आपल्या फ्रिजचं रक्षण करणारा हक्क आणि बशारसारख्याच्या खोलीचं रक्षण करणारा हक्क एकच आहे. पुण्यात घर शोधताना मला तीन ठिकाणी ‘मालक तयार नाहीत’ ऐकावं लागलं. तेव्हा मी संविधान काढलं. उद्या दोन पोरांना एकत्र घर नाकारलं, तर मी तेच पुस्तक बंद करून ठेवू का? संबंध आहे तो हा.

आणखी एक संबंध आहे. तो माझ्या कामातून कळला. सप्टेंबर २०१४ मध्ये इस्रायलच्या ८२०० या गुप्तचर तुकडीतल्या ४३ राखीव सैनिकांनी जाहीर पत्र लिहिलं. पॅलेस्टिनी लोकांची खाजगी माहिती गोळा केली जाते, अगदी त्यांच्या लैंगिक आयुष्याचीही, आणि ती लोकांवर दबाव आणून त्यांना खबरे बनवायला वापरली जाते, असं त्यांच्यातल्या काहींनी सांगितलं. आमच्या धंद्यात एखाद्या सिस्टीममध्ये घुसता येईल अशी फट सापडली, की आम्ही फट बुजवतो, युजरला शिव्या देत नाही. इथे फट कुठे आहे? समलिंगी असण्यात नाही. ते उघड झालं तर बाप मारेल, भाऊ हाकलेल, मोहल्ला थुंकेल, या खात्रीत ती फट आहे. ब्लॅकमेल करणाऱ्याच्या हातातलं शस्त्र आपण घडवून दिलेलं असतं. ज्या घरात ‘बेटा, आम्हाला माहीत आहे, तू घरी ये’ असं म्हणतात, त्या घरातल्या मुलाला कुठलीही गुप्तचर यंत्रणा त्या बाबतीत धमकावू शकत नाही. तुम्हाला पॅलेस्टाईनसाठी काहीतरी करायचं आहे ना? मग हे आधी आपल्या गल्लीत करा. डेटिंग ॲपवरून पोरांना गाठून लुबाडणाऱ्या टोळ्या आपल्या शहरांतही आहेत आणि त्यांचा धंदा याच फटीवर चालतो.

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय असं वाटत असेल तर थांबा. मी यातला गुन्हेगार आहे.

इंजिनिअरिंगला असताना हॉस्टेलवर माझा एक रूम पार्टनर होता, आपल्यातलाच. अभ्यासात बरा, पण जीव गाण्यात. त्याच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. माझ्या असेंबल केलेल्या पीसीवर रात्री हेडफोन लावून तो ठेके जुळवत बसायचा. माईक नव्हता, मोबाईलवर गुणगुणून ठेवायचा. त्याची चाल, त्याचं हसणं, यावरून सगळे त्याला ‘बायल्या’ म्हणत. मी म्हणत नव्हतो, मी फक्त हसत होतो. हॉस्टेलच्या लॅनवर पिक्चर आणि गाणी ठेवायला एक शेअर्ड फोल्डर होतं. ते मी बनवलं होतं, त्याचा पासवर्ड माझ्याकडे होता. एक दिवस कुणीतरी त्याचं गुणगुणणं माझ्या पीसीवरून उचलून त्या फोल्डरमध्ये टाकलं, घाणेरडं नाव देऊन. मेसमध्ये ते मोबाईलवर वाजवायचे. ती फाईल काढून टाकायला मला दोन सेकंद लागले असते. मी एक अख्खं सेमिस्टर काढली नाही. ‘मस्करी तर आहे’ म्हणालो. तो पुढच्या वर्षी हॉस्टेल सोडून गेला. जाताना त्याने माझा पीसी पुसून, केबल गुंडाळून ठेवली होती.

मधली वर्षं आमचं बोलणं नव्हतं. या वर्षी रमजानमध्ये त्याचा मेसेज आला, सलाम आणि खाली एक लिंक. त्याने नवी गाणी काढली आहेत, वेगळ्या नावाने. कंपनी नाही, पैसे लावणारा नाही. नोकरी सांभाळून रात्री घरीच रेकॉर्ड केलेली चार गाणी आहेत, एक दख्खनीत. वर्षाची फी भरून त्याने स्वतःच ती स्ट्रीमिंगवर चढवली. आम्ही दोघेही या यंत्रांच्या धंद्यातले, म्हणून हिशेब दोघांनाही माहीत होता. २०२४ पासून स्पॉटिफायवर बारा महिन्यांत हजार वेळा न ऐकलेल्या गाण्याला दमडीही मिळत नाही. त्याचं सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणं तेव्हा तीनशेच्या आसपास होतं. मी म्हटलं, मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकतो, हजार तर दोन दिवसांत होतील. तो म्हणाला, ‘ऐक आणि कसं वाटलं सांग. शेअर नको करू. अम्मी अजून तिथेच राहते.’

म्हणून मी त्याचं गाणं न टाकता बशार मुरादचं टाकलं. म्हटलं, बघू तरी, लांबच्या माणसाला जागा मिळते का. जेरुसलेमच्या माणसाला मिळाली, तर शेजारच्या गल्लीतल्यालाही कधीतरी मिळेल. उत्तर मला एका संध्याकाळीत मिळालं आणि त्यालाही मिळालं, कारण त्याचा धाकटा भाऊ त्या ग्रुपवर आहे.

तर दोस्तहो, तुमच्याकडे मागणं मोठं नाही. तुम्ही मोर्चा काढा, झेंडा लावा असं मी म्हणत नाही. कुणाचा संशय आला तर त्याच्या घरी सांगू नका. कुणाचा स्क्रीनशॉट आला तर पुढे ढकलू नका, तो तिथेच मरू द्या. ग्रुपचे ॲडमिन असाल तर लिंक काढण्याआधी शिवी काढा. आणि ज्याला गायचंय त्याचं गाणं ऐका. नाही आवडलं तर नाही आवडलं म्हणा, पण गाणं ऐकून म्हणा, नाव शोधून नाही.

माझी ती लिंक मी डिलीट केली नाही, शेवटी ॲडमिनने केली. मी ग्रुप सोडलेला नाही, सोडणारही नाही. जुम्म्यानंतर ग्रुपची बैठक आहे. तिथे मी एकच मुद्दा मांडणार आहे, की आपल्या ग्रुपवर कुणाची मस्करी चालणार नाही, मग तो कुणीही असो. ती फाईल काढायला मला जमलं नव्हतं. हे तरी जमायला हवं.